संगीत नाटक पडद्यावर येतं तेव्हा पदांचं काय करायचं?

गिरणाकाठ, चाळीसगाव
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून सरळ धागाच काढतो.

'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक सुबोध भावेंनी २०१५ साली पडद्यावर आणलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. मग जानेवारी २०२५ मध्ये त्याच सुबोध भावेंनी 'संगीत मानापमान' आणलं. दोन्ही मी थिएटरात जाऊन पाहिले. दोन्हींना संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं, दोन्हींमागची मेहनत दिसते. पण 'कट्यार' पाहताना 'हा माणूस आता का गातोय?' असं एकदाही मनात आलं नाही. 'मानापमान' पाहताना ते वारंवार आलं.

मला वाटतं, याचं मूळ त्या दोन नाटकांतच आहे. 'कट्यार' ही गवयांचीच गोष्ट. खाँसाहेब, पंडितजी, सदाशिव, सगळ्यांचं जगणं गाणं, भांडणही गाण्यावरून. ते गाणार नाहीत तर कोण गाणार? 'मानापमाना'त धैर्यधर सेनापती, भामिनी श्रीमंताघरची लेक. रंगमंचावर ते गायला लागले तर आपण हरकत घेत नाही, कारण नांदी होऊन गेलेली असते आणि तिकीटच आपण गाणं ऐकायला काढलेलं असतं. पडद्यावर मात्र वाडा खरा, झाडं खरी, ऊनही खरं. एवढं सगळं खरं दाखवल्यावर माणूस मध्येच थांबून पद म्हणतो, तेव्हा कुठेतरी उसवतं.

तर प्रश्न असा: ज्या नाटकात पात्रं गवई नाहीत, ते सिनेमात आणता येतं का? येत असेल तर पदं किती ठेवायची, कुठे बसवायची आणि म्हणायची कोणी? 'शारदा', 'सौभद्र', 'मृच्छकटिक' पडद्यावर यावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून विचारतोय.

भरीतभाकर, यावल
पन्नास पदांचा सिनेमा काढा आणि मध्यंतरात भरीत-पुरी ठेवा. पहाटेपर्यंत हलत नाही. भरीत शेकोटीवरच्या वांग्यांचं असेल तर दुसरा खेळही बघतो.

बोरीकाठ, अमळनेर
गिरणाकाठ, विषय छान काढलात. पण तुम्ही सगळी संगीत नाटकं एकाच दावणीला बांधताय.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० ला 'शाकुंतल' आणलं, १८८२ ला 'सौभद्र'. देवलांची 'शारदा' १८९९ ची. या नाटकांतली बरीच पदं साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा चालींवरची. कीर्तनातून, घराघरांतून लोकांच्या कानावर असलेल्या चाली. पद चटकन संपायचं आणि तेवढ्यात गोष्ट एक पाऊल पुढे गेलेली असायची. पात्र बोलता बोलता गायचं, गाता गाता बोलायचं.

१९११ ला खाडिलकरांचं 'मानापमान' आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पुढे १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखले. इथून रागदारी ठाण मांडून बसली. ठुमरी-कजरीचा रंग आला, ताना आल्या. पद रंगलं की गोष्ट थांबायची, आणि ती थांबावी म्हणूनच लोक यायचे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, तेव्हा धैर्यधर-भामिनीचं जमतं की नाही ते बघायला कोणी गेलं नव्हतं. एका रंगमंचावर केशवराव भोसले आणि बालगंधर्व ऐकायला मिळणार होते!

तेव्हा माझं म्हणणं असं: किर्लोस्कर-देवलांची नाटकं सिनेमाला जवळची, खाडिलकरांची लांबची. आपल्याकडे उलटं झालं. जे सगळ्यात अवघड तेच आधी उचललं.

गिरणाकाठ, चाळीसगाव
काका, हा फरक तुम्ही फार नेमका दाखवलात. म्हणजे 'शारदा' जास्त सोपी जाईल असं तुमचं म्हणणं?

बोरीकाठ, अमळनेर
सोपी नाही म्हणणार. शक्य आहे म्हणेन.

तापीची_लेक, शहादा
मला थोडं वेगळं बोलायचंय आणि जरा तळमळीनं बोलणार आहे.

तुम्ही सगळे नाटक आणि सिनेमाची तुलना करताय. तुलना करायला दोन्ही पाहायला मिळावी लागतात. मुंबई-पुण्याचं नाटक दौऱ्यावर निघालं की बहुतेक वेळा नाशिकहून माघारी फिरतं. फार तर धुळे, जळगाव. शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडे व्यावसायिक संगीत नाटक कोण आणतं? संगीत नाटक म्हणजे वादक आले, ऑर्गन आला, माणसं वाढली, खर्च वाढला. ठेकेदार नको म्हणतो.

मी नाट्यपद म्हणून जे पहिलं ऐकलं ते 'कट्यार' सिनेमात. नंदुरबारला मैत्रिणींबरोबर गेले होते. 'घेई छंद मकरंद' मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. ते एकच पद दोन घराण्यांच्या तऱ्हेनं दोन प्रकारे गायलं जातं हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. नंतर मूळ नाटकातलं वसंतराव देशपांड्यांचं गाणं शोधून शोधून ऐकलं, अभिषेकीबुवांच्या बाकीच्या चाली ऐकल्या. आज मी हार्मोनियम शिकतेय ती त्या सिनेमामुळे.

पद कापलं, छोटं केलं, नवी गाणी घातली, हे सगळं मान्य. पण आमच्यासाठी दार तिथेच होतं. ते बंद करू नका.

गिरणाकाठ, चाळीसगाव
ताई, दार बंद करा असं कोण म्हणेल? ते आणखी उघडावं म्हणूनच तर हा खटाटोप. तुम्ही हार्मोनियम शिकताय हे वाचून फार बरं वाटलं.

शेवेची_रस्सा, धुळे
धुळ्याला राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे, नाटकं येतात. पण ताई म्हणतात ते खरं, संगीत नाटक क्वचितच. आलं तरी कळतं दुसऱ्या दिवशी पेपरात.

सुरेल_जळगाव
'कट्यार'वर मला एक खटकलेलं लिहिते. शंकर महादेवन पंडितजी झाले आणि स्वतःच गायले. सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले आणि आवाज राहुल देशपांडेंचा. सदाशिव सुबोध भावे, आवाज महेश काळेंचा. गायन तिन्हीकडे उत्तम, काळेंना 'अरुणि किरणि'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरीही पंडितजी गातात तेव्हा मान, गळ्याच्या शिरा, बोटं, सगळं आवाजाबरोबर हलतं. खाँसाहेबांच्या वेळी मी ओठांकडे बघायला लागते.

नाटकात १९६७ पासून वसंतराव स्वतः उभे राहून गायचे. नंतर त्याच भूमिकेत राहुलदादा गायले. गाणारा नट ही आपली परंपरा. पडद्यावर आलं की ती पहिल्यांदा सोडून देतो आपण.

भुईमूग_शेंग, चोपडा
सचिननं खाँसाहेबांचा अहंकार जो दाखवलाय तो कुठल्या गवयाला जमला असता? अभिनय पण लागतो ना! मला तर त्या सिनेमात तेच सगळ्यात आवडले. सुरेलताई, इथे आपलं जमणार नाही.

सुरेल_जळगाव
नाही जमलं तरी चालेल, तुमच्या शेंगा पाठवा. :)

ठेका, भुसावळ
मी तबल्याची साथ करतो. नाटकाला केली आहे, स्टुडिओतही केली आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

रंगमंचावर पद चालू असताना माझी नजर गाणाऱ्याच्या तोंडाकडे नसते, खांद्याकडे असते. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी तो श्वास घेतो, खांदा किंचित उचलतो. त्यावरून कळतं की आता मुखडा घेऊन सोडणार की तालाचं अजून एक आवर्तन, म्हणजे फेरा, घेणार. समोरून 'वाहवा' आली की हमखास घेतो. मग ऑर्गनवाला माझ्याकडे बघतो, मी मान हलवतो, आम्ही ठेका धरून राहतो. यातलं काहीच आधी ठरलेलं नसतं. एकदा एका नटीनं वन्समोअरला तेच पद घेतलं, पण पहिल्यापेक्षा ठाय, म्हणजे संथ, लयीत. तिला वाटलं, घेतलं. आम्ही मागे गेलो. तालमीत असं कधीच झालं नव्हतं आणि त्या रात्रीचं ते पद माझ्या अजून कानात आहे.

स्टुडिओत कानाला हेडफोन, त्यात लय धरून ठेवणाऱ्या क्लिकची टकटक, समोर काच. गायक वेगळ्या दिवशी येऊन गाऊन गेलेला असतो. पदाची लांबी आधीच पक्की, कारण त्याच ध्वनिमुद्रणावर पुढे शूटिंग होणार, नट ओठ हलवणार, संकलक कापणार. आवर्तन वाढवायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे पद सात मिनिटांचं पाच झालं याचं मला फार दुःख नाही. ते पुढच्या क्षणी काय करेल हे कुणालाच माहीत नसणं, ही जी गंमत होती, ती जाते. ती पडद्यावर कशी आणायची हा खरा प्रश्न.

बोरीकाठ, अमळनेर
ठेका, अगदी मनातलं लिहिलंत. वडील पेटी वाजवायचे, ते म्हणायचे की पद ऐकणारा निम्मं पद गातो.

तिकीट_नं_१३, पाचोरा
वन्समोअरवरून आठवलं. आमच्याकडे पूर्वी यात्रेत तंबू टॉकीज यायची. एका गाण्यावर पब्लिक इतकं पेटलं की शिट्ट्या, पैसे, टोप्या, सगळं पडद्याकडे. शेवटी ऑपरेटरनं खेळ थांबवून रीळ मागे घेतलं आणि गाणं पुन्हा लावलं. सिनेमातही वन्समोअर मिळतो भो, ऑपरेटर आपल्या गावचा पाहिजे!

ठेका, भुसावळ
हा हा, अशा ऑपरेटरला शाल-श्रीफळ द्यायला हवं. पण तिकीटभाऊ, गाणं दुसऱ्यांदाही तंतोतंत तेच ना?

तिकीट_नं_१३, पाचोरा
गाणं तेच, पब्लिक दुप्पट तापलेलं.

डाउन_मेल (मूळ भुसावळ, आता न्यू जर्सी)
इथे येऊन ब्रॉडवेची नाटकं आणि त्यांचे सिनेमे दोन्ही बघायची संधी मिळते, म्हणून सांगतो. गिरणाकाठ यांना पडलेला प्रश्न तिकडच्या लोकांनाही पडला आहे आणि उत्तरं तीन-चार वेगवेगळी निघाली आहेत.

एक, गाणं फक्त तिथेच ठेवायचं जिथे लोक खरोखर गातात. १९७२ च्या 'कॅबरे'त बॉब फॉसीनं हेच केलं. जवळपास सगळी गाणी क्लबच्या रंगमंचावर. बाहेरची गोष्ट चालू, मध्येच क्लबातलं गाणं, आणि ते गाणं बाहेरच्या गोष्टीवर भाष्य करतं. 'कट्यार' जमलं ते या कारणानं. आपले 'बालगंधर्व' (२०११) आणि 'मी वसंतराव' (२०२२) यांचीही तीच गोष्ट, गवयाचंच आयुष्य असल्यामुळे गाण्याला वेगळं कारण द्यावं लागत नाही.

दुसरं 'शिकागो' (२००२). गाणी नायिकेच्या डोक्यात. ती तुरुंगात बसून कल्पना करते आणि मनातल्या मनात रंगमंच उघडतो.

तिसरं मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं: गाणं ठेवा, जागा बदला. 'द साउंड ऑफ म्युझिक' १९५९ ला रंगमंचावर आलं, सिनेमा १९६५ चा. नाटकात आवडत्या गोष्टींचं ते प्रसिद्ध गाणं मारिया मठातल्या मुख्य माताजींबरोबर म्हणते. सिनेमात ती ते विजा कडाडताना घाबरलेल्या मुलांना म्हणून दाखवते. शब्द-चाल तीच, पण आता गाण्याला काम मिळालं. सारेगम शिकवण्याचं गाणं नाटकात एका खोलीत होतं, सिनेमात ते साल्झबर्गभर फिरतं आणि गाणं संपेपर्यंत मुलं गायला शिकलेली असतात. दोन गाणी सिनेमासाठी नवीन लिहिली, काही नाटकातली सरळ काढली.

चौथं ठेकादादांसाठी. २०१२ च्या 'ले मिझराब्ल'मध्ये नटांनी सेटवर, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायलं. कानात छोटं यंत्र, त्यात पियानोची साथ, आणि पियानोवाला नटाच्या लयीनं वाजवतोय. वाद्यवृंद नंतर चढवला. नट थांबला तर पियानो थांबतो.

ठेका, भुसावळ
काय सांगता! म्हणजे साथीदार नटाच्या मागे जातो, क्लिकच्या मागे नाही. हे तर आपलंच झालं की. सेटवर पडद्याआड ऑर्गन आणि तबला बसवा, नटाच्या कानात तो आवाज सोडा, आणि पद प्रत्यक्ष घ्या. तबला नंतर पुन्हा स्वच्छ वाजवून घेता येईल. गळा तेवढा त्या क्षणाचा राहील.

सुरेल_जळगाव
पण मग गाणारा नटच लागेल. आले ना माझ्या मुद्द्यावर!

डाउन_मेल
सुरेलताई, त्यांच्याकडेही उसन्या आवाजाचा इतिहास मोठा आहे. १९६१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त नताली वुडला आणि १९६४ च्या 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नला आवाज एकाच गायिकेचा, मार्नी निक्सनचा. 'माय फेअर लेडी' रंगमंचावर ज्युली अँड्र्यूजनं गाजवलं होतं, तिला सिनेमात घेतलंच नाही. आता मात्र वारं फिरलंय. २०२४ च्या 'विकेड'मध्ये दोन्ही नायिका बहुतेक गाणी सेटवर गायल्या. आणि गंमत बघा, तिथे नाटक कापलं नाही, उलट पहिल्या अंकाचाच अडीच तासांवर सिनेमा केला आणि दुसऱ्या अंकाचा वेगळा.

भरीतभाकर, यावल
म्हणजे 'मानापमान' पाच अंक, पाच सिनेमे. माझी भरिताची योजना कायम ठेवा.

खान्देशकन्या, जळगाव
सुरेलताई, गाणाऱ्या नटाचा विषय निघालाच आहे तर बालगंधर्वांचं काय झालं तेही बघा. आपल्या जळगावाशी त्यांचं नातं आहे, बालपणीची काही वर्षं त्यांची इथे गेली. १९३५ ला ते 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त आले, व्ही. शांताराम दिग्दर्शक, भूमिका संत एकनाथांची. पुरुष वेषातले बालगंधर्व लोकांना आपले वाटले नाहीत. मग १९३७ ला बाबूराव पेंटरांकडे 'साध्वी मीराबाई', त्यात स्वतः मीराबाई. नाटकच पडद्यावर उतरवलेलं. ते पन्नाशीला आले होते. रंगमंचावर दहाव्या रांगेतून जो भास पक्का बसायचा तो कॅमेरा दोन हातांवर आल्यावर टिकला नाही. गळा तोच होता.

त्याच काळात १९३६ ला विष्णुपंत पागनीस 'संत तुकाराम' झाले. तेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले, तेही स्वतः गाणारे. पण सिनेमात त्यांनी आवाज खाली आणला, समोर बसलेल्याशी बोलावं तसं अभंग म्हटले. त्या सिनेमाचा व्हेनिसला गौरव झाला. दोघंही गाणारे नट. मग फरक कशाचा? मला वाटतं कॅमेऱ्यासमोर गाणं लहान करावं लागतं. लांबीनं नव्हे, फेकीनं.

सुरेल_जळगाव
ताई, हे पटलं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेला गळा माइकसमोर आवरणं सोपं नाही. म्हणजे गाणारा नट हवा आणि त्याला पुन्हा तालीमही हवी.

भुईमूग_शेंग, चोपडा
मी कुठे नको म्हणत होतो? अभिनयही येऊ द्या एवढंच.

सोंगाड्या, शिरपूर
इतका वेळ वाचत होतो. सगळं छान चाललंय, पण संगीत नाटक म्हटलं की किर्लोस्कर-खाडिलकरांपाशीच का थांबायचं? आमच्याकडे रात्रभर गाऊन-नाचून जे उभं राहायचं ते काय होतं? गण, गवळण, बतावणी आणि मग वग. खान्देशातल्या फडांत सोंगाड्या अहिराणीत सुरू झाला की मागची पोरं ट्रॅक्टरवरून खाली पडायची हसून. कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशी देवीच्या सणाला, वही गाणारी मंडळं आहेत, डफ-ढोलकीवर अख्खी कथा गाऊन सांगतात. तेही संगीत नाटकच माझ्या लेखी.

'गाढवाचं लग्न' घ्या. दादू इंदुरीकरांनी तो वग गाजवला. पुढे मकरंद अनासपुरेंचा सिनेमा आला, चाललाही. पण वगात सावळ्या कुंभार त्या गावच्या सरपंचावर, त्या दिवशीच्या पावसावर बोलायचा. रोज नवं. ठेकाभाऊंनी पदाचं जे सांगितलं तेच इथे बोलण्याचं झालं. सिनेमात एकदा बोलला ते बोलला.

मनी (माझी) आजी म्हने, "पिच्चरमा मानूस आपलाकडे दखतच नही." तिला तमाशातली मावशी समोरच्या बायांशी बोलते तेच आवडायचं.

तापीची_लेक, शहादा
सोंगाड्याभाऊ, आजीचं वाक्य फार आवडलं.

नवापूरकर
भाऊ, पण वहीगायनाचा सिनेमा कोण बघेल? उगाच भावनेच्या भरात बोलू नका. पैसे कोण लावणार?

सोंगाड्या, शिरपूर
नवापूरकर, अहिराणी गाणी यूट्यूबवर किती बघितली जातात ते एकदा बघा. लग्नात डीजेवर कोणती लागतात तेही बघा. लोक आहेत. गोष्ट सांगणारा पाहिजे.

नवापूरकर
चार मिनिटांचं गाणं बघणं वेगळं आणि अडीच तास तिकीट काढून बसणं वेगळं. मराठी सिनेमालाच आपल्याकडे दुपारचा एक शो मिळतो, दुसऱ्या आठवड्यात तोही जातो. मी नाउमेद करत नाही, पण हिशोब मांडावाच लागेल.

शेवेची_रस्सा, धुळे
हिशोबाचं खरं आहे. आमच्याकडे एका चांगल्या मराठी सिनेमाला माझ्यासकट मोजके लोक होते, तेवढ्यात एका बाजूचा स्पीकर बंद पडला. सांगितलं तर म्हणे मध्यंतरात बघतो. गाण्याचा सिनेमा आणि अर्धा आवाज!

भरीतभाकर, यावल
अरे, कुणीतरी आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे खायला या रे आमच्याकडे. पुरणाचे, खापरावरचे. भांडण मिटेल.

तापीची_लेक, शहादा
भरीतभाकर, तुम्ही आखाजी म्हणालात आणि मला एकदम काहीतरी सुचलं. गिरणाकाठदादा, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

गवई नसलेली माणसं का गातात, असं तुम्ही विचारलं होतं. आपल्याकडच्या बाया गवई कुठे आहेत? आखाजीला माहेरी आल्या की निंबाला झोका बांधतात आणि गातात. सासरचं जे बोलता येत नाही ते गाण्यात सांगतात. आई ऐकते, शेजारीण ऐकते, कुणी 'तू का गातेस' विचारत नाही. हळदीला गातात, जात्यावर गायच्या, कानबाईच्या रोटाला रात्रभर गातात.

आता 'शारदा' घ्या. पैशाच्या लोभानं बाप कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी ठरवतो. ही गोष्ट खान्देशातल्या एखाद्या गावात आखाजीच्या चार दिवसांत घडली तर? मैत्रिणी झोक्यावर तिला चिडवतात ते 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' तिथेच बसतं. काकांनी सांगितलं तसं देवलांच्या चाली साध्या आहेत, त्या झोक्यावर म्हणता येतात. डाउनमेलदादांनी सांगितलेली जागा बदलण्याची युक्ती तीच.

गिरणाकाठ, चाळीसगाव
ताई! हे मला सुचलं नसतं. अर्ध्या तासापासून तोच झोका डोळ्यांपुढे आहे. चिडवण्याचं गाणं, वर-खाली जाणाऱ्या पोरी, आणि बाजूला उभी शारदा जिला अजून काही माहीत नाही.

बोरीकाठ, अमळनेर
कल्पना सुरेख. दोन गोष्टी मात्र सांगतो, राग मानू नका. देवलांचे शब्द बदलायचे नाहीत. चाल झोक्याच्या लयीला थोडी वाकवली तर चालेल, त्यांनी स्वतः लोकांच्या चाली घेतल्या होत्या. पण शब्दांना हात लावला तर ती 'शारदा' राहणार नाही.

दुसरी अडचण मोठी. 'मूर्तिमंत भीती उभी' हे पद झोक्यावर कसं बसवणार? तिथे शारदा एकटी आहे. मैत्रिणी नाहीत, सण नाही, ऐकायला कुणी नाही. घाबरलेली मुलगी एकटीच गाते, याला आपल्या जगण्यातली कुठली जागा देणार? ते पद वगळून 'शारदा' करणार असाल तर माझा पाठिंबा नाही.

सोंगाड्या, शिरपूर
काका, एकटी बाई जात्यावर गातेच की. पहाटे उठून, कुणी ऐकत नसताना.

बोरीकाठ, अमळनेर
जातं म्हटलं की ओवी आली. हे पद ओवीसारखं म्हटलं तर त्यातली धडकी जाईल.

खान्देशकन्या, जळगाव
मला वाटतं, त्या एका पदाला कारण द्यायच्या भानगडीत पडूच नये. तोपर्यंत झोक्यावर, हळदीत, जात्यावर असं सगळीकडे गाणं जगण्यातून आलेलं असेल, तर प्रेक्षकाचा कान तयार झालेला असेल. मग ती एकटी गायला लागली तर तो अडवणार नाही.

ठेका, भुसावळ
पटलं. आणि ते पद असं घ्यायचं: कॅमेरा एकदा लावायचा, मध्ये कापायचं नाही. जात्याची खोली, दार लावलेलं. मुलगी स्वतः गाणारी, तिच्या कानात फक्त तंबोरा आणि ऑर्गनचा धरलेला सूर. तबला नकोच. ती जिथे श्वासाला थांबेल तिथे आम्ही थांबायचं. आवाज चिरकला तरी तोच ठेवायचा. दुसऱ्या टेकला ती वेगळं गाईल, ज्या टेकला अंगावर येईल तो घ्यायचा.

सुरेल_जळगाव
आणि फेक लहान. खान्देशकन्याताईंनी पागनीसांचं सांगितलं तसं.

नवापूरकर
खोली, एक मुलगी, एक ऑर्गन. हा खर्च मला झेपणारा वाटतो. पूर्ण सिनेमाचं नंतर बघू, आधी एवढं एकच पद चित्रित करून पाहिलं तर? फोनही हल्ली बरे आलेत.

बोरीकाठ, अमळनेर
ऑर्गन माझ्याकडे आहे. वडिलांचा. दोन सूर अडकतात, ते दुरुस्त करून घेतो.

गिरणाकाठ, चाळीसगाव
काका, नेकी और पूछ पूछ. ठेकाभाऊ, तबला नसला तरी तुम्ही याच, सम कुणीतरी सांभाळायला हवी. आता गाणारी मुलगी. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर दरवर्षी नव्या मुली उभ्या राहतात, त्यांच्यात गळा असलेल्या एक-दोघी तरी नक्की सापडतील. सुरेलताई, खान्देशकन्या, तुम्ही दोघी जळगावातच आहात. विचाराल का?

सुरेल_जळगाव
विचारते. एक जण डोळ्यांपुढे आहे, पण ती वरच्या पट्टीत गाते. काका, तुमच्या ऑर्गनचे अडकणारे सूर कोणते तेवढं कळवा.

बोरीकाठ, अमळनेर
काळी चार आणि तिच्या शेजारची पांढरी पाच.

सुरेल_जळगाव
नेमकी तिची पट्टी! आधी दुरुस्ती करून घ्या, मग तिला फोन करते.